दोन भावांचं देऊळ

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांना धाकटा भाऊ आहे? किंवा बहीण? आता खरं खरं सांगा, आज सकाळपासून त्याच्याशी कितीदा भांडलात? रबरावरून, रिमोटवरून, की ताटातल्या पापडावरून?

परवाच्या हिवाळ्यात दिग्रसहून एका शाळेची सहल निघाली. शाळेतले सर माझे मित्र, म्हणून मीही गाडीत बसलो. पहाटेचा अंधार, बोचरी थंडी, आणि मागच्या बाकावर दोन भावांचं भांडण. मोठा सातवीत, धाकटा पाचवीत. खिडकी एकच.

"मी मोठा आहे, मी बसणार."

"मंग काय रोज रोज तूच बसशील काय बे?"

शेवटी सरांनी धाकट्याला खिडकीत बसवलं आणि मोठा तोंड फुगवून बसला. या दोघांना लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत असे आणखी दोन भाऊ येणार आहेत. ते पंधराशे वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांच्यामुळेच एक अतिशय सुंदर देऊळ आज आपल्याला पाहायला मिळतं.

हे देऊळ विटांनी बांधलेलं नाही. त्याला पाया नाही, चुना नाही, सिमेंट तर नाहीच. ते आहे अजिंठ्याच्या डोंगरात. लेणं क्रमांक १९.

आधी वाशीमला थांबू

"सर, अजिंठा तर तिकडं लांब संभाजीनगरकडं आहे. त्याचा आपल्याशी काय संबंध जी?" एका मुलीनं विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर वाटेतच होतं. मानोरा मागे टाकून आम्ही वाशीमला पोचलो आणि चहा-नाश्त्याला थांबलो. वाशीम म्हटलं की आपल्याला बालाजीचं मंदिर आठवतं, पद्मतीर्थ आठवतं. पण दीड हजार वर्षांपूर्वी या गावाचं नाव होतं वत्सगुल्म, आणि ती एक राजधानी होती. इथे वाकाटक घराण्याच्या एका शाखेचे राजे राहत. दुसरी शाखा नागपूरजवळ, रामटेकच्या पायथ्याशी नंदिवर्धनला होती. आज आपण त्याला नगरधन म्हणतो.

गंमत म्हणजे, वाशीमची ही शाखा इतिहास विसरून गेला होता! अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेर भिंतीवर एक मोठा लेख कोरलेला आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ आहे. पण पाऊस-वाऱ्यानं अक्षरं झिजली होती. जुन्या अभ्यासकांनी त्यातलं एक नाव 'रुद्रसेन' असं वाचलं आणि ही सगळी वंशावळ दुसऱ्याच शाखेला जोडून टाकली.

मग १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलं दानपत्र. आपल्या यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे यांनी डी. बी. महाजन यांच्याबरोबर तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात राजांची नावं होती: प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती. दान दिलं होतं ते वत्सगुल्माहून!

हे वाचल्यावर नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा नीट तपासला. आणि काय आश्चर्य! जिथे 'रुद्रसेन' वाचलं होतं, तिथे 'सर्वसेन' होतं. १९४१ साली त्यांनी हे नवं वाचन प्रसिद्ध केलं. एका नावातल्या दोन अक्षरांनी हरवलेलं राजघराणं परत मिळालं.

याच घराण्यातला हरिषेण हा मोठा राजा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तो राज्य करत होता, आणि अजिंठ्याची सर्वांत देखणी लेणी त्याच्याच काळातली. सोळावं लेणं तर त्याचा मंत्री वराहदेव यानं कोरवून घेतलं. म्हणजे दिग्रसच्या शेजारच्या गावातून ज्याचा कारभार चालायचा, त्या राजाच्या काळात हे काम झालं. आहे की नाही आपला संबंध?

घोड्याच्या नालेसारखा डोंगर

मेहकर, चिखली, बुलडाणा करत आम्ही संध्याकाळी फर्दापूरला मुक्कामी पोचलो आणि सकाळी लेण्यांकडे निघालो. वाघोरा नावाची लहानशी नदी इथे घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. त्या वळणावरच्या उभ्या कड्यात एकाला एक लागून सुमारे तीस लेणी आहेत.

लेणी दोन प्रकारची असतात, हे आधी समजून घ्या. एक विहार. विहार म्हणजे बौद्ध भिक्षूंची राहण्याची जागा: मध्ये चौक, भोवती झोपायच्या लहान खोल्या. भिक्षू एरवी गावोगाव फिरत, पण पावसाळ्याचे महिने एका जागी राहत. दुसरा प्रकार चैत्यगृहाचा. चैत्यगृह म्हणजे देऊळ. त्यात खोल्या नसतात. लांबट सभामंडप असतो आणि टोकाला स्तूप. अजिंठ्यात विहार पुष्कळ, पण चैत्यगृहं पाचच. त्यातलं नववं आणि दहावं इसवी सनापूर्वीच्या काळातलं. एकोणिसावं आणि सव्विसावं हरिषेणाच्या काळाच्या आसपासचं. आणि एकोणतिसावं? ते अर्धवटच राहिलं. त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी दोन दगडी हत्ती उभे आहेत. पोरांनी त्यांना नमस्कार केला आणि आम्ही पुढे सतराव्या लेण्याकडे गेलो. एकोणिसाव्याची गोष्ट खरं म्हणजे इथेच लिहिलेली आहे.

भिंतीवरची गोष्ट

सतराव्या लेण्याच्या ओसरीबाहेर, डाव्या हाताच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. भाषा संस्कृत, लिपी ब्राह्मी, आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी. आपण शिरोरेघ काढतो ना, तसं हे चौकोनी टोपी घातलेलं अक्षर. वाकाटकांच्या काळात असं लिहीत.

या लेखात एका लहान राजघराण्याची हकीगत आहे. हे राजे हरिषेणाचे मांडलिक होते. त्यांतल्या कृष्णदास नावाच्या राजाला दोन मुलगे होते. थोरला गादीवर बसला. धाकट्याचं नाव रविसांब. दोघांनी मिळून पराक्रम गाजवला, सुखानं दिवस घालवले. आणि मग धाकटा रविसांब अचानक मरण पावला.

थोरल्याचं काय झालं असेल? लेख सांगतो की या जगात काहीच टिकत नाही, हे त्याच्या मनानं घेतलं आणि तो दानधर्माकडे वळला. त्यानं स्तूप उभारले, विहार उभारले. अजिंठ्याच्या डोंगरात हे सतरावं लेणं कोरवलं. लेखात त्याला एकाच दगडातलं मंडपरत्न म्हटलं आहे. शेजारी पाण्याचं टाकं खोदवलं. आणि पश्चिमेला एक मोठी 'गंधकुटी' करवली. कोत्या मनाच्या माणसांना कल्पनाही करता येणार नाही, असं ते काम झालं, असं लेख म्हणतो.

गंधकुटी म्हणजे सुवासाची खोली. श्रावस्तीच्या जेतवनात भगवान बुद्ध ज्या खोलीत राहत, तिला हे नाव होतं. आता तुम्हीच शोधा. सतराव्या लेण्यातून बाहेर या आणि पुढे चाला. अठरा क्रमांकाच्या जागी पाण्याचं टाकं आहे. त्यापुढे एकोणिसावं लेणं. लेखात सांगितलेला क्रम पावलापावलानं जुळतो!

मी ही गोष्ट सांगत होतो तेव्हा मागच्या बाकावरचे ते दोघे अगदी पुढे येऊन उभे होते. धाकट्यानं विचारलं, "अन् मोठ्या भावाचं नाव काय होतं?"

त्याच्या नावाच्या जागी दगड खराब झालाय, मुलांनो. अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. पण रविसांब हे नाव आजही वाचता येतं. ज्यानं एवढं मोठं काम केलं त्याचं नाव उडालं आणि ज्याच्या आठवणीनं तो कळवळला त्याचं राहिलं.

सतराव्या लेण्यात आत गेलात तर गाभाऱ्याच्या दारापाशी एक चित्र नक्की पाहा. भिक्षेचं पात्र घेऊन बुद्ध स्वतःच्याच घरी आले आहेत. समोर यशोधरा आणि लहानगा राहुल उभे आहेत. बुद्ध खूप मोठे काढले आहेत आणि मायलेक अगदी छोटे. राहुल मान वर करून वडिलांकडे पाहतो आहे. आमच्या गटातला गोंगाट तिथे आपोआप थांबला.

देवळात शिरताना

आता एकोणिसाव्या लेण्यासमोर उभे राहा. समोर लहानसं अंगण आहे. दर्शनी भागाला दार एकच, आणि दारापुढे दोन खांबांवर तोललेली देखणी ओसरी. वर पाहा. घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी खिडकी दिसेल. हिला चैत्यगवाक्ष म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना दोन धष्टपुष्ट यक्ष पहारा देत उभे आहेत. भिंतीवर जागा मिळेल तिथे बुद्धमूर्ती कोरल्या आहेत, काही उभ्या, काही बसलेल्या. अंगणाच्या डाव्या भिंतीवर नागराजा आपल्या राणीसह ऐटीत बसला आहे. त्याच्या डोक्यामागे नागाच्या फण्यांचं छत्र आहे.

आत पाऊल टाकलं की आधी काही दिसत नाही. डोळ्यांना थोडा वेळ द्या. उजेड येतो तो फक्त दारातून आणि त्या मोठ्या खिडकीतून. हळूहळू खांब दिसू लागतात. सगळे मिळून सतरा! त्यांच्यावर बारीक नक्षी आहे आणि खांबांच्या वरच्या पट्टीवर पुन्हा बुद्धमूर्तींची रांग. मंडप फार मोठा नाही. खोली साधारण ४६ फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे २४ फूट. मागची बाजू सरळ नाही, अर्धगोल आहे. हत्तीची पाठ मागून कशी गोल दिसते, तशी. म्हणून या आकाराला गजपृष्ठाकृती म्हणतात.

आणि त्या गोलाच्या मध्यभागी आहे स्तूप.

तुम्ही नागपूरची दीक्षाभूमी पाहिली असेल. तिथला स्तूप प्रचंड आहे आणि आतून पोकळ आहे. आपण त्याच्या पोटात जाऊन उभे राहतो. जुने स्तूप तसे नसत. ते भरीव असत. लोक आत जात नसत, उजवीकडून भोवती प्रदक्षिणा घालत. इथेही खांबांच्या मागून चालायला अरुंद वाट ठेवली आहे.

नवव्या-दहाव्या लेण्यातला जुना स्तूप अगदी साधा आहे: खाली गोल जोतं, वर घुमट. बुद्धांची मूर्ती नाही. त्या काळी दगडात बुद्धांची मूर्ती घडवत नसत. स्तूप, बोधिवृक्ष, पावलं अशा खुणांनाच वंदन करत. इथे मात्र स्तूपाच्या पुढच्या अंगाला बुद्ध स्वतः उभे आहेत. वर एकावर एक तीन छत्र्या आहेत. त्या जवळजवळ छतापर्यंत पोचतात. पाच-सहाशे वर्षांत लोकांच्या मनात काय बदललं, हे दोन स्तूप शेजारी ठेवले की डोळ्यांना दिसतं. पुस्तकात वाचायची गरजच नाही.

आता मान वर करून छत पाहा. कमानीसारख्या फासळ्या दिसतील. "हे तर आमच्या आजीच्या घरासारखं आहे. कवेलूखाली असेच वासे दिसतात," एक मुलगी म्हणाली. शाबास! अगदी हेच कारण आहे. फार पूर्वी अशी चैत्यगृहं लाकडाची बांधत. मग डोंगरात कोरू लागले तेव्हा सुरुवातीला दगडी छताखाली खरोखर लाकडी फासळ्या बसवत. या देवळात मात्र फासळ्याही दगडाच्याच. छत पडू नये म्हणून त्यांची काही गरज नव्हती. पण देऊळ म्हटलं की असंच दिसलं पाहिजे, अशी सवय डोळ्यांना झालेली होती.

चूक करायची सोय नाही

हे सगळं केलं कसं? त्याचं उत्तर अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत मिळतं. पूर्ण झालेलं काम पाहून आपण तोंडात बोट घालतो, पण अर्धवट कामाजवळ उभं राहिलं की कारागीर दिसू लागतो.

मघाशी म्हटलं त्या एकोणतिसाव्या लेण्यात फक्त वरच्या कमानीचं काम सुरू झालं होतं. खाली सगळा दगड तसाच. म्हणजे काम वरून खाली चालायचं. आधी छत, मग खांबांचे माथे, आणि सर्वांत शेवटी जमीन! त्यामुळे उंच पालख बांधावी लागत नसे. उभं राहायला पायाखाली डोंगर होताच. चोविसाव्या लेण्यात गेलात तर ओबडधोबड खांब आणि छिन्नीचे घाव अजून दिसतात.

हा दगड आपल्या ओळखीचा आहे बरं का. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि हा काळा खडक बनला. तोच आपल्या दिग्रसच्या शेतांखाली आहे. तो झिजून झिजून आपली काळी कसदार, कापसाची जमीन झाली आहे. नखानं ओरखडा निघणार नाही असा टणक दगड! बांधकामात वीट वाकडी बसली तर काढून दुसरी लावता येते. इथे बुद्धांच्या मूर्तीचं नाक तुटलं तर ते परत कुठून आणणार? सतरा खांब, स्तूप, छत्र्या हे सगळं आधी कोणाच्या तरी डोक्यात पूर्ण तयार होतं. हातांनी फक्त नको तेवढा दगड काढून टाकला. त्या हातांपैकी एकाचंही नाव या देवळात लिहिलेलं नाही.

हरिषेणाच्या मृत्यूनंतर वाकाटकांचं राज्य लवकरच मोडलं. दान देणारे गेले, कारागीर पांगले आणि पुष्कळ कामं जिथल्या तिथे थांबली.

साहेबाचं नाव

पुढे शेकडो वर्षं इथे रान माजलं. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होती, पण बाहेरच्या जगाला नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला दहावं लेणं दिसलं. त्यानं काय केलं? खांबावरच्या जुन्या चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरली! ते नाव आज डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता.

त्याचं पाहून आणखी किती जणांनी हात धुऊन घेतले! खिळ्यानं, किल्लीनं, कोळशानं.

आणि आता तुम्हाला एक खरी गोष्ट सांगतो. परतताना आमचा मोठा भाऊ मागे रेंगाळला. मी पाहिलं तर त्याच्या हातात कंपासपेटीतलं करकटक होतं. एका अपुऱ्या लेण्याच्या खडबडीत भिंतीपाशी तो उभा होता. मला बघून दचकला.

"काय लिहिणार होतास?" मी विचारलं.

"माझं अन् याचं नाव," तो खाली मान घालून म्हणाला. "ते रविसांबवालं ऐकलं ना, म्हणून."

आता अशा पोराला रागवावं तरी कसं? मी त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, "अरे, त्या राजानं आपल्या भावासाठी भिंत खरवडली नाही, भिंत घडवली. वाशीमच्या ताम्रपटानं एक नाव परत दिलं, कारण कोणी ती अक्षरं पुसली नव्हती. तू इथे ओरखडा काढलास, तर उद्या त्याखालची छिन्नीची खूण कोण वाचणार?"

कायद्यानंही हा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाची खराबी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्हीही. पण ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानं करकटक पेटीत ठेवलं, वही काढली आणि पायरीवर बसून चौकोनी टोपीची अक्षरं काढायला लागला. धाकटा शेजारी वाकून चुका सांगत होता.

परतीच्या वाटेवर खिडकीत कोण बसलं, ते मात्र विचारू नका. बुलडाणा यायच्या आतच माझा डोळा लागला होता!

जाताना लक्षात ठेवा

१. लेणी सोमवारी बंद असतात. गाडी फर्दापूरजवळच्या फाट्यावरच ठेवावी लागते. तिथून लेण्यांपर्यंत वेगळ्या बस आहेत.

२. पाण्याची बाटली आणि टोपी जवळ ठेवा. पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा आजी-आजोबांना सावकाश न्या.

३. फ्लॅश मारून फोटो काढू नका. चित्रांचे रंग उडतात. भिंतींना आणि खांबांना हात लावू नका.

४. सगळी लेणी धावत पाहण्यापेक्षा ९, १०, १६, १७, १९ आणि २६ नीट पाहा. सव्विसाव्यात सुमारे सात मीटर लांबीची बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे.

५. आणि घरी आल्यावर एक काम करा. आपल्या गावातल्या जुन्या देवळापाशी, बारवेपाशी, पारावर एखादा अक्षरं कोरलेला दगड दिसतो का पाहा. नांगरताना किंवा घर पाडताना तांब्याचे जुने पत्रे निघाले, तर मोडीत घालू देऊ नका. गुरुजींना दाखवा, तहसील कार्यालयात कळवा. काय सांगावं, कोणाचं तरी हरवलेलं नाव त्यात असेल.